काहिलीत जागा चौघांनाच

तुळशीचं लग्न झालं की आपल्याकडं किल्ले पाडायला घेतात. माती परत कुंड्यांत जाते, विटा जिन्याखाली जातात. मावळे, तोफा, हत्ती, भाजीवाली, पाणी शेंदणारी बाई, कुस्ती धरलेले पैलवान अशी सगळी मंडळी पेपरात गुंडाळून बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात बसतात. डबा माळ्यावर. पुढच्या दिवाळीपर्यंत त्यांची कुणी चौकशी करत नाही.

२०२५ च्या जुलैत युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यात आपल्या सातारा जिल्ह्यातला प्रतापगडही आहे. साहजिकच अंगणातल्या प्रतापगडांनाही भाव आला. बुरूज, चोरदरवाजा, तटावर पेरलेली मोहरी, पाण्याचं टाकं, सगळं कसं जिथल्या तिथं. पण एवढं बांधून झाल्यावर आपण करतो काय? बघतो. फोटो काढतो. मावळा बुरुजावर उभा राहतो आणि डब्यात जाईपर्यंत एक पाऊलही पुढं टाकत नाही.

आमचं म्हणणं एवढंच आहे, की त्याला एखादं पाऊल टाकू द्या. ज्या खेळासाठी जगभरची पोरं महागड्या मूर्ती विकत घेतात, रात्ररात्र जागून रंगवतात, त्याचं निम्मं सामान तुमच्या माळ्यावर पडून आहे.

'फँटसी' म्हणजे ॲप नव्हे

कॉलेजच्या कट्ट्यावर 'फँटसी गेम' हे शब्द काढून बघा. दहातले आठ जण खिशातून मोबाइल काढतील. फँटसी म्हणजे क्रिकेटची टीम लावायची, पैसे भरायचे आणि नशीब उघडायची वाट बघायची, असाच अर्थ आपल्याकडं रूढ झालाय. एक चांगला शब्द असा हातचा गेला. फँटसी म्हणजे अद्भुत. वेताळ, हडळ, मुंज्या, चकवा यांच्या गोष्टी ऐकतच आपण वाढलो. त्या अर्थानं आपल्याइतकं फँटसीत मुरलेलं दुसरं कोण असेल?

आम्ही म्हणतो तो खेळ असा. टेबलावर छोटी रणभूमी मांडायची. दोन गट, प्रत्येकाकडं चार-पाच मूर्ती. इथं सैन्य नसतं, पलटण नसते. एक मूर्ती म्हणजे एकच माणूस, त्याला नाव आहे, स्वभाव आहे, खोड आहे. अंतर मोजून त्याला चालवायचं, आणि झटापट झाली की फासे टाकायचे. याला स्कर्मिश म्हणतात. मराठीत सरळ चकमक म्हणू. या चकमकींतला सगळ्यांचा लाडका प्रसंग म्हणजे टॅव्हर्नमधली हाणामारी. टॅव्हर्न म्हणजे अर्धा गुत्ता नि अर्धी धर्मशाळा. वाटसरू, व्यापारी, भामटे, भुतंखेतं एका छपराखाली येतात आणि कुणाचा तरी कुणाला धक्का लागतो. पुढं बाकडी उडतात.

या खेळाची वंशावळ मोठी आहे. प्रशियात राइसविट्झ नावाच्या बाप-लेकांनी लढाईचा टेबलावरचा खेळ बनवला. बापानं १८१२ मध्ये तो राजाला दाखवला, मुलानं १८२४ मध्ये नियम छापले, आणि लष्करी अधिकारी तो शिकण्यासाठी खेळू लागले. त्यात फासे होते, कारण लढाईत सगळं ठरल्यासारखं होत नाही. निवाडा करायला पंचही होता. १९१३ मध्ये एच. जी. वेल्स या लेखकानं 'लिटल वॉर्स' हे पुस्तक लिहून खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईचे नियम घरोघरी पोचवले. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' आणला. तिथं मूर्तीच्या तोंडी शब्द आले. खेळाडू नुसता तिला हलवत नव्हता, तिच्यासारखा बोलतही होता.

सांगलीला हे नवीन नाही

इथं सांगलीकरानं कॉलर ताठ करायला हरकत नाही. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भाव्यांनी सांगलीत राजे चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं 'सीता स्वयंवर' उभं केलं. म्हणून तर ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन. पण ती नाटकं चालायची कशी, हे फारसं कुणी सांगत नाही. सूत्रधार पदं म्हणत गोष्ट पुढं न्यायचा, आणि पात्रं आपापली भाषणं बरीचशी आयत्या वेळी जुळवायची. एकीकडं देवपार्टी, दुसरीकडं राक्षसपार्टी. राळ भपकन पेटायची, राक्षस 'अलल्डुर्र' करत घुसायचे आणि धुमश्चक्री सुरू व्हायची.

एक जण गोष्ट चालवणार, बाकीचे त्यात शिरून स्वतःच्या जिभेनं बोलणार, मध्येच हाणामारी. आज परदेशी खेळात त्या माणसाला गेममास्टर म्हणतात. आपण त्याला सूत्रधार म्हणू. शब्द तयारच आहे.

डाव असा मांडा

परवा आम्ही पाच जणांनी एक डाव मांडला. चौघं खेळणारे, दोघादोघांचा एक गट, आणि पाचवा सूत्रधार. जागा ठरली कराडच्या अलीकडं नदीकाठची एक जुनी खानावळ. साताऱ्याहून खाली निघालेले चौघं आणि सांगलीहून वर निघालेले चौघं पावसानं तिथंच अडकलेत. खानावळीत एकच भाकरी उरलीय.

खानावळ म्हणजे कॅरम बोर्ड. काड्यापेट्या झाल्या बाकडी, सोंगट्या झाल्या ताटं, बुटाचं खोकं झाला माळा. चार कोपऱ्यांतली भोकं म्हणजे खिडक्या, आणि खिडकीखाली पूर. मापाला वीत, पण प्रत्येकाची वीत वेगळी. म्हणून आधी एका विताएवढी काडी कापून घेतली, तिच्यावर अर्ध्याची आणि चार बोटांची खूण केली. नाहीतर पहिलं भांडण खेळाबाहेरच व्हायचं!

मूर्ती किल्ल्याच्याच. एक गोष्ट मात्र आधी ठरवली: महाराजांची मूर्ती सिंहासनावरच राहील, तिला डावात आणायचं नाही. मावळेही बाजूलाच ठेवले. असल्या डावाला बाजारातली मंडळी जास्त कामाची. साताऱ्याच्या गटात एक पैलवान, एक कंदी पेढेवाला, घाटातला एक वाटाड्या आणि एक हडळ. सांगलीच्या गटात हळदीचा व्यापारी, भाजीवाली, एक मुंज्या आणि नाटक कंपनीतला एक नट. नट राक्षसाच्या वेशातच प्रवासाला निघालेला, त्यामुळं सगळे त्याला खराच राक्षस समजतात.

नियम एका पानात बसतात. दोन्ही गटांनी आळीपाळीनं एकेक मूर्ती हलवायची. तिला दोन कामं करता येतात: अर्धी वीत चालणं, चढणं, उचलणं, फेकणं, भिडणं किंवा बोलणं. भिडल्यावर दोघांनी एकेक फासा टाकायचा. मोठं दान जिंकलं. हरलेला चार बोटं मागं. फरक तीन किंवा जास्त असेल तर तो आडवा, उठण्यात एक काम खर्च. सारखं दान पडलं तर दोघं नुसतेच एकमेकांकडं डोळे वटारून बघतात. कडेला असलेला मागं रेटला जाऊन भोकाशी पोचला तर खिडकीतून पुरात. मूर्ती मातीची आहे, खरोखर भोकात टाकायची नाही. हातानं उचलून बाजूला ठेवायची. तो झाडाला धरून बसलाय असं समजायचं. डावात कुणी मरत नाही.

पैलवानाला दानात एक जास्त. खाशाबा जाधवांचं गोळेश्वर इथून हाकेच्या अंतरावर, तेव्हा एवढा मान हवाच. हे 'एक जास्त' वरवर किरकोळ वाटतं, म्हणून जरा हिशेब करू. दोन फाशांची दानं छत्तीस प्रकारे पडतात. दोघं बरोबरीचे असतील तर प्रत्येकाला पंधरा जिंकणारी दानं, सहा बरोबरीची. एकाला एक गुण जास्त दिला, की त्याची होतात एकवीस आणि समोरच्याची उरतात दहा. आडवं पाडणारी दानं सहावरून दहावर जातात. म्हणजे पैलवानाशी एकट्यानं भिडायचं नाही. दोघांनी मिळून धरलं तर आपल्यालाही एक जास्त मिळतो, हे आमच्या भाजीवालीनं लगेच ओळखलं. स्टॅटिस्टिक्सच्या तासाला जे डोक्यावरून जातं, ते कॅरम बोर्डावर दहा मिनिटांत कळलं.

'बोलणं' या कामाला फासा नाही. मूर्ती चालवणाऱ्यानं तिचं वाक्य खरोखर म्हणायचं, आणि समोरचा बधेल की नाही ते सूत्रधारानं ठरवायचं. 'मी त्याला पटवतो' एवढं म्हणून भागत नाही. पटवून दाखवायचं.

आणि शेवटचा नियम पाण्याचा. फेरी संपली की सूत्रधार एक फासा टाकतो. चार, पाच, सहा पडलं तर पाणी एक पायरी चढतं. तिसऱ्या पायरीला बाकडी तरंगतात, पाचव्या पायरीला खानावळ बुडते. सुटायला एकच साधन: मागच्या गुऱ्हाळातली काहील. उसाचा रस आटवायची ती अवाढव्य कढई. कृष्णाकाठच्या जुन्या माणसांना विचारा, काहिलीतून पैलतीर गाठल्याच्या गोष्टी सांगतील. काहिलीत जागा चौघांनाच. त्यात दोन्ही गटांतलं किमान एकेक माणूस हवं, कारण वेळू सांगलीवाल्यांकडं आहे आणि नदीची वाट सातारकरांना ठाऊक. पाचव्या पायरीआधी काहील सुटली नाही, तर दोन्ही गट हरले. सुटली, तर ज्याची माणसं जास्त, तो जिंकला.

मग काय झालं

पहिल्या चार फेऱ्या नुसता दंगा. पैलवानानं व्यापाऱ्याला ढाक लावली, सहाला दोन, व्यापारी बाकड्यासकट आडवा. राक्षसाच्या वेशातला नट 'अलल्डुर्र' म्हणून असा ओरडला, की शेजारच्या खोलीतून काका बघायला आले. हडळीनं भाकरी पळवली, मुंज्यानं हडळीला खिडकीकडं रेटलं. कोण कुणाच्या बाजूचं ते कुणालाच आठवेना. लय मजा आली.

पाचव्या फेरीअखेर पाणी तिसऱ्या पायरीला लागलं आणि टेबलाभोवती शांतता पसरली. भाकरीचं कुणाला काही पडलं नव्हतं. काहील होती सातारकरांच्या ताब्यात, आणि वेळू हातात घेऊन भाजीवाली माळ्यावर चढून बसलेली. पैलवान वर जाऊन वेळू हिसकावू शकत होता, पण त्यात दोन फेऱ्या जाणार आणि पाणी थांबणार नाही. आता फासे टाकून काही मिळणार नव्हतं. बोलावं लागणार होतं.

त्यानंतरची वीस मिनिटं आम्ही फासा हातात घेतला नाही. सातारकर म्हणाले, तीन आमचे, एक तुमचा. सांगलीकर म्हणाले, मग बसा बुडत. व्यापाऱ्यानं हळदीचे पैसे देऊ केले. पुरात पैसे घेऊन कोण काय करणार? मुंज्या म्हणाला, मी भूत आहे, मी बुडत नाही, माझी जागा नको. सूत्रधारानं ते मान्य केलं. आमच्यातला एक जण एरवी वर्गात हजेरीला 'येस सर'पलीकडं बोलत नाही. पेढेवाला त्याच्याकडं होता. तो हळूच म्हणाला, "घरी माझी वाट बघणारं कुणी नाही. माझ्या जागी भाजीवालीला न्या. वेळू तिलाच चालवता येतो." गट दुसरा असूनही.

टेबलावर कुणी हसलं नाही. काहील दोन-दोन माणसांनी सुटली. नियमाप्रमाणं डाव बरोबरीत. पण आपण हरलो असं कुणालाच वाटलं नाही, आणि त्या पोराकडं आम्ही सगळेच वेगळ्या नजरेनं बघायला लागलो.

सांगलीकराला पूर म्हणजे काय ते शिकवायला नको. २०१९ चा ऑगस्ट अजून अंगावर येतो. कोयना धरण सातारा जिल्ह्यात, तिथून सोडलेलं पाणी कराडला कृष्णेत मिसळतं आणि पुढं सांगलीत चढतं. वरचे आणि खालचे एकाच नदीनं बांधलेले आहेत. भूगोलाच्या पुस्तकात हे आपण वाचलेलं असतंच. कॅरम बोर्डाभोवती बसल्यावर ते पोटात जाणवलं.

पैशाचा डाव आणि हा डाव

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला. चांगलं झालं. पण कायद्यानं ॲप बंद होतं, संध्याकाळ मोकळीच राहते. प्रत्येक हॉस्टेलात असा एक मित्र असतो, ज्यानं मेसचे पैसे आधी 'फक्त एकदा' म्हणून लावले, मग गेलेले काढायला म्हणून लावले. आणि शेवटी महिनाभर 'डाएट चालू आहे' असं सांगत तो वडापाववर राहिला. त्याला आपण मूर्ख म्हणतो. तो मूर्ख नसतो. त्याला थरार हवा असतो, आणि थोडं एकटेपण घालवायचं असतं. दुकानदार त्याच्या खिशातच बसलेला असतो.

फासे दोन्हीकडं असतात, मग फरक कुठं आहे? तिथं दानाचा हिशेब कंपनीकडं असतो, इथं तो सगळ्यांसमोर बोर्डावर. नियम अन्यायाचा वाटला, तर पाच जणांनी हात वर करून तो बदलायचा. हरलात तर पुढच्या चहाचे पैसे तुमचे, आणि चहा प्यायला समोर चार माणसं.

हा पोरखेळ आहे असं कुणी म्हणेल. प्रशियाच्या सेनाधिकाऱ्यांना तसं वाटलं नव्हतं. कुणी म्हणेल, सांगलीला बुद्धिबळाची परंपरा आहे, भाऊसाहेब पडसलगीकरांनी ती रुजवली, स्वाती घाटे यांच्यासारख्या वूमन ग्रँडमास्टर इथल्या. मग हे फाशांचं खूळ कशाला? बुद्धिबळ थोरच. पण तिथं नशीब नाही, तिसरा माणूस नाही आणि बोलायचं नाही. आयुष्यात हे तिन्ही आहे. दोन्ही खेळा.

कुणी म्हणेल, हाणामारीच शिकवता ना? वेल्सनं आपल्या पुस्तकाच्या शेवटी हाच मुद्दा घेतला होता. टेबलावरची लढाई खेळली की खऱ्या लढाईतला मूर्खपणा आणि नासाडी उमगते, असं त्याचं म्हणणं. त्याचं कुणी ऐकलं नाही. पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध पेटलं. एक पुस्तक युद्ध थांबवू शकत नाही, तसा एक कॅरम बोर्ड कॉलेजच्या गेटवरची मारामारीही थांबवणार नाही. पण 'धक्का लागला' या दोन शब्दांवरून हाणामारी कशी पेटते आणि ती किती फुकटची असते, हे ज्यानं मूर्तींच्या जिवावर एकदा बघितलंय, तो खऱ्या धक्क्याला क्षणभर तरी थांबेल.

कॉलेजांकडं आमचं मागणं लहान आहे. पैसा नको, समिती नको, उद्घाटन तर नकोच नको. आठवड्यातून एक दुपार कॉमन रूम द्या. दुपारच म्हणतोय, कारण संध्याकाळी मुलींच्या हॉस्टेलची गेटं बंद होतात, आणि कॅरमभोवती नुसत्या पोरांचा घोळका जमतो. किल्ला बांधताना मुली माती कालवतातच, मग खेळताना त्या बाहेर का?

आणि तुमच्याकडं मागणं त्याहून लहान. या रविवारी घरी गेलात की माळ्यावरचा डबा खाली काढा. भाजीवाली, पैलवान, पाणी शेंदणारी बाई, जे सापडेल ते पुसून घ्या. चौघांना बोलवा. त्यांतला एक जरूर असा बोलवा, जो कधी बोलत नाही.